मॉर्टगेजमधलं ‘मॉर्ट’

‘मॉर्टगेज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधला. अर्थ ‘मेलेलं तारण’. पण यात मेलं कोण? बाराव्या शतकाच्या अखेरच्या एका इंग्लिश कायदेग्रंथाचा हिशेब सरळ आहे: जमिनीचं उत्पन्न कर्जात वळतं होत असेल तर तारण जिवंत, सावकार उत्पन्न खाणार आणि मुद्दल तसंच राहणार असेल तर मेलेलं. पुढे पंधराव्या शतकात एका न्यायाधीशाने निराळी फोड केली. मुदतीत फेड झाली नाही तर जमीन ऋणकोला मेली, झाली तर धनकोला. आज बहुधा हीच सांगितली जाते. मला जुनीच पटते. आपल्या ताबेगहाणातही, म्हणजे जमिनीचा ताबाच सावकाराकडे जातो त्या गहाणातही, खरा प्रश्न उत्पन्न कोण खातो हाच असतो.

मुदतीचा काच इंग्लंडात चॅन्सरी कोर्टाने, म्हणजे कायद्याच्या शब्दापेक्षा न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या कोर्टाने, सतराव्या शतकात सैल केला. मुदत टळली तरी पैसे भरून जमीन सोडवता येऊ लागली. ‘एकदा गहाण ते कायम गहाण’ हे सूत्र तिथलंच.

खरा घोळ झाला तो हे सूत्र इथे आल्यावर. आपल्याकडे गहाण-लहाण चाले: ‘मुदतीत रुपये न दिल्यास हेच खरेदीखत समजावे.’ मुंबईच्या वरिष्ठ कोर्टाने १८६४ मध्ये इंग्लिश सूत्र लावून ऋणकोची बाजू उचलली. १८७० मध्ये मद्रासकडच्या दाव्यात लंडनच्या अपील मंडळाने उलट ठरवलं: कागदात लिहिलंय तेच खरं. समुद्रापलीकडे बसून असं म्हणणं सोपं. कागद वाचता न येणाऱ्याने अंगठा कशावर उठवला, हे त्या कागदात कुठे दिसतं?

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या कोर्टांना कागदामागचा व्यवहार उकरून पाहायला लावलं.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला. त्याने गहाण सोडवण्याचा हक्क लेखी मान्य केला आणि मुदतखरेदीलाही, म्हणजे त्या गहाण-लहाणासारख्या व्यवहारालाही, गहाणाच्या प्रकारांत बसवलं. १९२९ मध्ये मात्र त्यात एक अट घुसली: जमीन परत देण्याची शर्त त्याच दस्तात हवी. खरेदीखत एका कागदावर आणि परतीचा करार दुसऱ्यावर असेल, तर ते गहाण धरलं जात नाही. दोन कागद करायला सावकाराला एक स्टॅम्पपेपर जास्त लागतो, इतकंच.