दातांचा खर्च आणि प्राप्तिकर : पैसे देण्यापूर्वी हे वाचा

(आमच्या दवाखान्यातील पेशंट व त्यांच्या नातेवाइकांसाठी)

जानेवारीत कंपनीचा अकाउंट्स विभाग पुरावे मागू लागला, किंवा जुलैत रिटर्न भरायची मुदत जवळ आली, की काउंटरवर एकच प्रश्न येतो : ‘दातांचं बिल टॅक्समध्ये धरता येतं का?’ तोंडात कापूस असलेल्या पेशंटशी बोलता बोलता याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

तुमचं वय साठच्या आत असेल आणि खर्च स्वतःच्या रूट कॅनालचा किंवा कॅपचा असेल, तर उत्तर ‘नाही’ असं आहे. पूर्वी पगारदारांना वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची वैद्यकीय बिलं कंपनीत देऊन तेवढी रक्कम करमुक्त मिळायची. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरी केलेल्यांना ही सवय अजून आहे. ती सवलत २०१८-१९ पासून बंद झाली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) आली. पावती आम्ही तरीही देतो, पण तिच्यावर कर वाचणार नाही.

साठ पूर्ण झालेल्यांसाठी मात्र प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०डी मध्ये सोय आहे. ज्येष्ठ नागरिकाच्या नावे आरोग्य विमा नसेल, तर त्याच्यावर केलेला वैद्यकीय खर्च वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतो. स्वतःचा खर्च स्वतः धरता येतो, आणि आईवडिलांचा खर्च मुलाने किंवा मुलीने केला असेल तर त्यांना धरता येतो. आईवडील मुलांवर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही, त्यामुळे वडिलांना पेन्शन असली तरी अडत नाही. ५०,००० ची मर्यादा आई आणि वडील दोघांची मिळून आहे. वीस टक्क्यांच्या टप्प्यात पूर्ण रक्कम धरली तर उपकरासह १०,४०० रुपये वाचतात, तीस टक्क्यांत १५,६००.

हे सगळं जुन्या करप्रणालीतच. २०२३-२४ पासून आपण काही निवडलं नाही तर नवी प्रणाली लागू होते आणि तिच्यात ८०डी नाही. तुमची प्रणाली कोणती, हे आधी तुमच्या कर सल्लागाराला विचारा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे मात्र सर्वांच्या तोंडी असलेला जुनाच क्रमांक ठेवला आहे.

रोख रक्कम : खरी अडचण इथे आहे

ज्येष्ठांचा वैद्यकीय खर्च रोखीने केला असेल तर वजावट मिळत नाही. चेक, यूपीआय, कार्ड, बँकेतून ट्रान्सफर, काहीही चालतं. फक्त रोख चालत नाही.

आणि आमच्याकडे होतं नेमकं उलट. आजोबा बँकेतून पेन्शन काढतात, पाकिटात घालून आणतात आणि कवळीचे पैसे मोजून देतात. हिशेब चोख, आमची काही तक्रार नाही. पण जुलैत मुलगा येतो आणि म्हणतो, ‘पावतीवर माझं नाव घाला, आणि रोखच्या जागी यूपीआय लिहा.’ हे आम्ही करत नाही. ओळखीचे असलात तरी नाही, आणि ‘दुसरीकडे करून देतात’ असं सांगितलंत तरी नाही. पावतीवर यूपीआय आणि बँकेच्या खात्यात नोंद नाही, असं असलं तर उद्या विचारणा आल्यावर अडचणीत तुम्हीच याल, आणि खोटी पावती दिली म्हणून आम्हीही. ‘रोख परत द्या, मी आता जीपे करतो’ हेही वर्षाचा हिशेब बंद झाल्यावर जमत नाही. या एका गोष्टीवरून काउंटरवर जेवढा वेळ जातो तेवढ्यात एका पेशंटचं स्केलिंग (दातांची सफाई) होईल.

म्हणून पहिल्याच भेटीत ठरवा : वजावट कोण घेणार? पैसे त्याच्याच खात्यातून येऊ द्या. वडिलांनी दिले तर खर्च वडिलांचा, मुलाने दिले तर मुलाचा. पैसे घेतानाच सांगितलंत तर पावतीवर आम्ही पेशंटचं नाव, पैसे देणाऱ्याचं नाव आणि यूपीआय किंवा चेकचा क्रमांक असं तिन्ही लिहितो.

इथे आणखी एक गोम आहे. बऱ्याच घरांत सासूबाईंना घेऊन सून येते आणि फोन काढून पटकन पैसे देऊन टाकते. कायद्यात ‘आईवडील’ म्हणजे स्वतःचे आईवडील. सासूसासऱ्यांचा खर्च सुनेला किंवा जावयाला धरता येत नाही. त्यामुळे सासूबाईंचं बिल त्यांच्या मुलाच्या खात्यातून द्या. कौतुक सुनेचंच राहील, वजावट घरात येईल.

‘पॉलिसीत दात नाहीत, मग?’

वडिलांच्या नावे मेडिक्लेम आहे, पण अपघात सोडला तर त्यात दातांचे उपचार नाहीत. मग निदान खर्च तरी धरता यावा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण अट ‘दातांचा विमा नसावा’ अशी नाही, ‘आरोग्य विमा नसावा’ अशी आहे. पॉलिसी असेल तर हप्ता धरा, आमचं बिल नाही. आम्हालाही हे पटत नाही, पण कायदा आम्ही केलेला नाही.

कोणता उपचार चालतो, याची यादी कायद्यात नाही. दात काढणं, रूट कॅनाल, कवळी, चावता यावं म्हणून बसवलेलं इम्प्लांट यांना वैद्यकीय खर्च म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. नातीच्या लग्नासाठी दात पांढरे करून घेतलेत, तर ते धरू नका असं आम्ही सुचवू. बिलात आम्ही अशा बाबी वेगळ्याच दाखवतो.

साठच्या आतल्यांनाही एक छोटी सोय आहे : प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत, तेही ८०डीच्या एकूण मर्यादेतच. इथे रोख चालते. तपासणी आणि एक्स-रे यांची पावती वेगळी हवी असेल तर आधी सांगा.

तोंडाचा कर्करोग निघाला तर कलम वेगळं, ८०डीडीबी. त्यात ४०,०००, आणि ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट आहे. त्यासाठी लागणारं प्रिस्क्रिप्शन ऑन्कॉलॉजिस्टचं (कर्करोगतज्ज्ञाचं) असावं लागतं, आम्ही दिलेलं चालत नाही.

बिलावर जीएसटी नाही, म्हणून ते ‘कच्चं’ आहे असं समजू नका. आरोग्य उपचारांना जीएसटीतून सूट आहे. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आम्हाला कायद्यानेच मना आहे, दंड घेणाऱ्याला होतो. पूर्ण तोंडाच्या इम्प्लांटचं बिल तिथवर जाऊ शकतं, तेव्हा आग्रह करू नये.

मोठं काम असेल तर थोडं नियोजन उपयोगी पडतं. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतर वर कॅप बसते. स्क्रू फेब्रुवारीत आणि कॅप जूनमध्ये झाली, तर खर्च आपोआप दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो आणि दोन्ही वर्षांची मर्यादा वापरता येते. असा बेत असेल तर डिसेंबर-जानेवारीत येऊन तपासून घ्या. तपासणीनंतर टप्प्यांनुसार लेखी अंदाजपत्रक देतो. मात्र दात दुखत असेल तर एप्रिलची वाट पाहत बसू नका. आणि मार्चमध्ये झालेल्या कामावर एप्रिलची तारीख घालून मागू नका.

वर्षभराच्या पावत्यांचा एकत्रित तक्ता आमच्या पेशंटना एप्रिलमध्ये विनामूल्य मिळतो. त्यासाठी पेशंटचं नाव आणि फाइल क्रमांक दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, दोन कामाच्या दिवसांत पीडीएफ येईल. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मागितलात तर उशीर होईल.