मुंबई–लंडन हवाई मार्ग : पार्श्वभूमी

मुंबई ते लंडन हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ही रेषा बलुचिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जाते, आणि युक्रेनचे आकाश युद्धामुळे बंद असल्याने ती धरून उडणे आज कुणालाच शक्य नाही.

१९२९ मध्ये लंडनहून कराचीला पोचायला सात दिवस लागत आणि त्यातला एक टप्पा चक्क रेल्वेने व्हायचा. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले कॉन्स्टेलेशन विमान कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला उतरले. १९६० मध्ये जेट आले, पुढे थांबेही गळाले. आता जायला साधारण दहा तास लागतात. येताना वारा पाठीशी, म्हणून तासभर कमी.

विमाने वेगवान झाल्यावर खरा प्रश्न उरला वरून जाऊ कोण देतो हा. एकमेकांच्या विमानांना आकाश बंद करण्याचा भारत–पाकिस्तानमधला झगडा २०२५ मध्ये सुरू झालेला नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले विमान लाहोरला पळवले गेले. प्रवासी सुटले, विमान जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पूर्व पाकिस्तानात जायला त्यांना श्रीलंकेला वळसा घालावा लागला आणि वर्षाअखेरच्या युद्धाआधी तो चांगलाच महागात पडला. अपहरण भारतानेच घडवले, असा निष्कर्ष पाकिस्तानी चौकशीने काढला. बंदी भारताच्या पथ्यावर पडली हे खरे, पण पथ्यावर पडणे हा काही पुरावा नव्हे. नागरी विमानवाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो करारासोबत वरून जाण्याची मुभा देणारा आणखी एक करार झाला होता. १९६५ च्या युद्धानंतर आपल्या दोघांत हे करार लागूच नाहीत, त्यामुळे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिषदेला पाकिस्तानची बंदीविरुद्धची तक्रार ऐकता येणार नाही, असा युक्तिवाद भारताने केला. १९७२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो मानला नाही. तोवर बांगलादेश झाला होता, वळशाचे कारणच संपले होते. आकाश पुन्हा उघडले १९७६ मध्ये.

त्यानंतर २००२–०३ आणि २०१९ मध्येही बंदी आली. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांची विमाने अडवली. ३० एप्रिलला भारताने तेच केले. ब्रिटिश कंपनीला मात्र ही आडकाठी नाही. त्यामुळे एकाच धावपट्टीवरून एकाच शहराला निघालेल्या दोन विमानांना वेगवेगळे रस्ते घ्यावे लागतात, हे या बंदीतले सर्वांत बोचरे कलम. दिल्लीला याची झळ जास्त बसली. मुंबईला अरबी समुद्र दारातच असल्याने ओमानच्या बाजूने निघता येते, पण पुढे इराण लागतो. १३ जून २०२५ ला इस्रायलच्या हल्ल्यानंतर इराणचेही आकाश बंद झाले, आणि त्या पहाटे लंडनला निघालेले भारतीय विमान काही तासांनी मुंबईलाच परत उतरले.