भारतातील गंभीर मज्जाविकारांचे साथरोगशास्त्र

मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांचे गंभीर विकार भारतात किती जणांना होतात, कोणत्या वयात, कोणत्या भागात आणि कशामुळे होतात, याचा लोकसंख्येच्या पातळीवरील अभ्यास. पक्षाघात, अपस्मार (फिट येणे), स्मृतिभ्रंश, कंपवात (पार्किन्सन), सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारे अपंगत्व), मेंदूज्वर आणि डोक्याला मार लागून झालेल्या इजा हे त्यातले मुख्य विषय.

केवळ रुग्णालयांच्या नोंदींवरून हे चित्र कळत नाही. न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मज्जाविकारतज्ज्ञ, प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत, फिट येणाऱ्या मुलाला अनेकदा आधी मांत्रिकाकडे नेले जाते आणि आजोबांचा विसराळूपणा वयाच्या खात्यावर टाकला जातो. म्हणून घरोघरी जाऊन केलेली सर्वेक्षणे या शास्त्राचा खरा आधार आहेत. प्रशिक्षित कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन फिरतात आणि संशयित रुग्णांना नंतर तज्ज्ञ तपासतात. बंगळूर शहर व आसपासच्या खेड्यांत १९९०च्या दशकात एक लाखाहून अधिक लोकांची अशी पाहणी झाली. तीत ग्रामीण भागातले मज्जाविकारांचे प्रमाण शहरी भागाच्या सुमारे दुप्पट निघाले. म्हणजे जिथे डॉक्टर कमी, तिथेच रुग्ण जास्त होते.

मुंबईच्या पारशी वसाहतींतील पाहणी जगभर उद्‌धृत होते. सुमारे १४ हजार लोकांच्या या पाहणीत कंपवाताचे प्रमाण दर लाखामागे ३२८ आढळले. १९८८ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा त्या काळी थक्क करणारा होता, पण तो जपून वाचावा लागतो. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे आणि कंपवात हा उतारवयाचा आजार आहे. अमेरिकेच्या वयोरचनेशी जुळवून घेतल्यावर हेच प्रमाण २०० च्या खाली येते.

देशभराचे चित्र १९९० ते २०१९ या काळाच्या राज्यवार अभ्यासातून मिळते. अकाली मृत्यू आणि अपंगत्व यांमुळे गमावलेली आयुष्याची वर्षे हे त्याचे मोजमाप. सर्व आजारांच्या एकूण भारात असंसर्गजन्य मज्जाविकारांचा वाटा या काळात ४ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर गेला, तर संसर्गजन्य मज्जाविकारांचा ४.१ वरून १.१ टक्क्यावर आला. लसीकरण आणि बालमृत्यूंतील घट यांचे श्रेय मोठे आहे. आयुर्मान वाढले, आणि त्याबरोबर रक्तदाब व मधुमेहही.

मज्जाविकारांच्या या भारात पक्षाघाताचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ३८ टक्के आहे. २०१९ मध्ये त्याने अंदाजे सात लाख बळी घेतले. हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार आहे ही समजूत गडचिरोलीने खोटी ठरवली. ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ८६ गावांत मृतांच्या नातेवाइकांना विचारून मृत्यूची कारणे निश्चित केली. सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. बहुतेक जण घरीच दगावले होते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत आणि सीटी स्कॅन करूनच देता येते. दुर्गम गावातून तेवढ्या वेळात पोहोचणे फार थोड्यांना जमते, त्यामुळे तिथे रक्तदाब वेळीच तपासून आटोक्यात ठेवणे हाच जीव वाचवण्याचा मुख्य मार्ग उरतो.

अपस्माराचे प्रमाण हजारी साधारण पाच-सहा धरले जाते. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत रुतणे हे भारतातले एक टाळता येण्याजोगे कारण. या कृमीची अंडी अस्वच्छ भाजीपाल्यातून व पाण्यातूनही पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणूसही सुरक्षित नसतो. औषधे स्वस्त असूनही असंख्य रुग्ण उपचारांविना राहतात. मुलींच्या बाबतीत लग्न मोडेल या भीतीने आजार लपवला जातो, आणि पाहणीतही सांगितला जात नाही. हिंदू विवाह कायद्यात वैध विवाहाच्या अटींमध्ये ‘अपस्मार नसावा’ अशी अट होती. ती १९९९च्या दुरुस्तीने गेली. लोकांच्या मनातली अट मात्र अजून पुरती गेलेली नाही.

साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळते. घरच्या सुनेवर किंवा मुलीवर पडणारा सांभाळाचा भार मात्र अशा आकड्यांत येत नाही.

संसर्गजन्य मज्जाविकार कमी झाले, तरी संपलेले नाहीत. जपानी मेंदूज्वराचा देशातला पहिला रुग्ण १९५५ मध्ये वेल्लोरला आढळला. २००५ मध्ये गोरखपूर परिसरात त्याने हजाराहून अधिक जीव घेतले, त्यात बहुतेक मुले होती. पुढच्याच वर्षी लसीकरण सुरू झाले. वाळूमाशीमार्फत पसरणारा आणि मुलांना मेंदूज्वर देणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या गावात सापडला आणि २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा उसळला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे आजाराचे (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते) रुग्ण अचानक वाढले, तेव्हा दूषित पाण्यावर संशय गेला आणि रुग्ण शोधण्यासाठी पुन्हा घरोघरीच पाहणी करावी लागली.