जहांगीर आर्ट गॅलरी, मुंबई

दक्षिण मुंबईतील काळा घोडा परिसरात महात्मा गांधी मार्गावर असलेले कलादालन. खासगी देणगीतून उभे राहिलेले, नफ्यासाठी न चालणारे आणि सर्वांना विनामूल्य खुले असलेले हे दालन आधुनिक व समकालीन भारतीय कलेच्या वाटचालीतले महत्त्वाचे ठिकाण आहे. चित्रकार के. के. हेब्बर आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला आणि सर कावसजी जहांगीर यांनी इमारतीचा संपूर्ण खर्च उचलला. त्यांच्या दिवंगत मुलाचे, जहांगीरचे, नाव दालनाला देण्यात आले. २१ जानेवारी १९५२ रोजी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

त्याआधी मुंबईत चित्रे काढणारे पुष्कळ होते, ती मांडायला हक्काची जागा मात्र फार थोडी. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून वार्षिक प्रदर्शने भरवत होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून दरवर्षी नवे चित्रकार बाहेर पडत होते. सूझा, रझा, आरा, हुसेन हे चित्रकार, अमरावतीकडचे हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांना १९४९ चे प्रदर्शन भरवता आले ते रॅम्पार्ट रोवरच्या सोसायटीच्या छोट्या जागेत. ही कोंडी जहांगीरमुळे फुटली.

इमारतीचा आराखडा वास्तुविशारद दुर्गा बाजपेयी यांचा. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट आणि आजूबाजूच्या दगडी कमानी यांच्या सान्निध्यात ही काँक्रीटची बैठी, साधी वास्तू आपले वेगळेपण लगेच दाखवते. दर्शनी भागावरचे लाटांसारखे पुढे आलेले छत ही तिची ओळख. आत एकाहून अधिक दालने असून त्यांत एकाच वेळी वेगवेगळी प्रदर्शने चालतात. शिवाय हिरजी जहांगीर दालन आहे आणि वरच्या मजल्यावर टेरेस गॅलरी. छायाचित्रांची प्रदर्शने बरीचशी या टेरेस गॅलरीत लागतात.

जहांगीरचे खरे वैशिष्ट्य तिच्या व्यवस्थेत आहे. व्यावसायिक गॅलरीत मालक आपल्या पसंतीचे चित्रकार निवडतो, प्रदर्शनाचा खर्च करतो आणि विक्रीतला वाटा घेतो. इथे चित्रकार अर्ज करतो, कामाचे नमुने पाठवतो आणि निवड झाली की ठरलेल्या भाड्याने साधारण आठवडाभरासाठी दालन घेतो. अर्ज इतके येतात की मुख्य दालनांसाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. म्हणून ‘जहांगीरची तारीख मिळाली’ हे वाक्य कोल्हापूर, सांगली, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या चित्रकाराच्या घरात मोठ्या आनंदाने सांगितले जाते. त्यापाठोपाठ हिशेबही सुरू होतो: फ्रेमिंग, टेम्पोचे भाडे, कॅटलॉगची छपाई, निमंत्रणे, आठवडाभर मुंबईत राहण्याखाण्याचा खर्च. चित्रे विकली गेली नाहीत तर हा सगळा भार एकट्या चित्रकाराच्या अंगावर पडतो. कलेच्या बाजारात नाव नसलेल्या माणसाला हे दार उघडे आहे. मात्र आत पाऊल टाकण्याची जोखीम त्याची त्यालाच घ्यावी लागते, आणि जहांगीरचा गौरव करताना याचा विसर पडता कामा नये.

प्रदर्शने बहुधा मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. सोमवारी संध्याकाळी गेल्यास गॅलरीचे वेगळेच रूप दिसते. भिंतीवरून उतरवलेले कॅनव्हास एकमेकांकडे तोंड करून टेकवलेले असतात. कोणी बबल रॅप गुंडाळत असतो, कोणी कोपऱ्यांना पुठ्ठा लावत असतो, विकल्या गेलेल्या चित्रांच्या मागे घेणाऱ्याचे नाव लिहिले जाते. एका चित्रकाराचे सामान बाहेर पडते आणि दुसऱ्याचे आत येते. दुसऱ्या दिवशी अकराला भिंती पुन्हा भरलेल्या असतात.

गॅलरी सकाळी ११ ते संध्याकाळी ७ या वेळेत उघडी असते. तिकीट नाही, ओळखपत्र नाही, चित्र विकत घेण्याची अपेक्षा नाही. उच्च न्यायालयात तारखेला आलेला पक्षकार, कॉलेज सुटलेली मुले, दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलेला बँकेतला कर्मचारी, संग्रहालय पाहून आलेले गावाकडचे कुटुंब असे सगळे आत डोकावतात. पहिल्यांदा जाणारे दाराशी जरा घुटमळतात, आपल्याला यातले काही कळत नाही म्हणून. तसे घुटमळण्याचे काहीच कारण नाही. दालनात एका टेबलाशी बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः चित्रकारच असते आणि कोणी काही विचारावे याची ती वाट पाहत असते. ‘हा रंग कसा आणलात?’, ‘हे ठिकाण कुठले?’ असे साधे प्रश्न चालतात. जलरंगात निसर्गचित्रे करणारे चित्रकार तर कागद किती ओला असताना पहिला हात मारला इथपर्यंत सांगतात. संग्रहालयात ही सोय नसते आणि मोठ्या व्यावसायिक गॅलरीत ती क्वचित मिळते. चित्र आणि ते काढणारा माणूस दोन्ही एकाच जागी, एकाच दुपारी भेटणे ही जहांगीरने या शहराला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

चित्राशेजारच्या पट्टीवर शीर्षक, माध्यम आणि आकार लिहिलेला असतो. किंमत तिथे नसली तर टेबलावरच्या यादीत असते. पट्टीवर लाल टिकली दिसली की ते चित्र विकले गेले असे समजावे. निघताना अभिप्रायाची वही पुढे केली जाते. तिथे नुसते ‘छान’ लिहिण्याऐवजी कोणते चित्र आवडले आणि का, हे दोन ओळींत लिहावे. चित्रकार ती वही घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचतात.

या भिंतींनी काही मोठे प्रसंग पाहिले. १९८१ चे ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन त्यांपैकी एक. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन यांनी त्यात भाग घेतला, आणि अमूर्त चित्रकलेचा दबदबा असलेल्या त्या काळात माणूस आणि त्याचा परिसर पुन्हा चित्राच्या मध्यभागी आला. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या पटवर्धनांच्या चित्रांत ठाण्या-मुंबईतले कामगार, लोकलचे प्रवासी, चहाच्या टपऱ्या आहेत. मुंबईकराने आपल्या रोजच्या जगण्याकडे चित्र म्हणून बघावे ही ताकद त्यांच्या कामात आहे. १९९१ मध्ये हुसेन यांनी ‘श्वेतांबरी’ हे प्रदर्शन मांडले. दालनात पांढऱ्या कापडाचे पट्टे आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कागद एवढेच होते. चित्रे बघायला आलेल्यांपैकी अनेक जण बुचकळ्यात पडले आणि भरपूर वाद झाला.

केकू आणि खोर्शेद गांधी यांची केमोल्ड गॅलरी १९६३ पासून याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. ती व्यावसायिक होती, पण धाडसी. तिथे १९९२ मध्ये नलिनी मलानी यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे काम थेट भिंतींवर चितारले. पंधरा दिवस ते लोकांनी पाहिले आणि नंतर त्यावर पांढरा रंग फिरवण्यात आला. विकता किंवा साठवता न येणारे चित्र काढण्याचा हा निर्णय भारतीय मांडणशिल्पाच्या, म्हणजे संपूर्ण जागाच कलाकृती करणाऱ्या प्रकाराच्या, सुरुवातीच्या काळातला लक्षणीय टप्पा मानला जातो. केमोल्ड २००७ मध्ये प्रेस्कॉट रोडवर हलली.

तळमजल्यावरचे ‘समोवार’ हे उपाहारगृह उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केले. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा, एका बाजूला संग्रहालयाची हिरवळ, पुदिन्याचा चहा आणि खिमा पराठा. खिशात फारसे पैसे नसलेला चित्रकारही तिथे तासन्‌तास बसू शकत असे. मार्च २०१५ मध्ये ते बंद झाले. प्रदर्शन बघून झाल्यावर त्यावर भांडायची जागा त्याबरोबर गेली आणि ती उणीव आजही भरून निघालेली नाही.

सगळीच प्रदर्शने तोलामोलाची असतात असे नाही. एका दालनात वर्षानुवर्षांच्या चिंतनातून आलेले काम असते, तर शेजारच्या दालनात दिवाणखान्याच्या सोफ्यावर शोभावेत असे घोडे, गणपती आणि बनारसचे घाट. स्वतःची ठाम दृष्टी असलेला क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनांची निवड व आखणी करणारा जाणकार, नसल्याने हे होते, अशी टीका समीक्षक करतात आणि ती रास्त आहे. तरीही एका माणसाच्या आवडीनिवडीवर सगळे सोपवले असते तर खेड्यातल्या कलाशिक्षकाला इथली भिंत मिळण्याची शक्यता फार कमी झाली असती. चांगल्या-वाईटाची निवड प्रेक्षकावर सोडणारी ही पद्धत अधिक न्याय्य म्हणावी लागेल. पावसाळ्यात भरणाऱ्या मॉन्सून शोमध्ये कलाशाळांमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचे काम दिसते. समकालीन कलेची पुढची दिशा जाणून घ्यायची असेल तर हे प्रदर्शन चुकवू नये. गॅलरीबाहेरच्या पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. तिथे समोर बसून पेन्सिलीने चेहरा काढून घेता येतो.

चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही दोन्ही स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १९९९ पासून दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवात इथे मोठी गर्दी उसळते, तेव्हा चित्रे निवांत पाहायची असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे. रस्त्यापलीकडे जवळच असलेल्या सर कावसजी जहांगीर हॉलशी या दालनाची गल्लत नेहमी होते. तो सभागृह म्हणून १९११ मध्ये बांधलेला हॉल असून १९९६ पासून तिथे केंद्र सरकारचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. त्याला तिकीट लागते आणि सोमवारी ते बंद असते.