एसटीएम की एएफएम? सोन्यावरचा डीएनए खरा कोण दाखवतं

परवा रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताखाता भाची म्हणाली, मामा, एसटीएम आणि एएफएम दोन्हीत सुईच फिरते, दोन्हीत शेवटी उंचसखल फोटोच येतो, मग फरक काय? (एसटीएम म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, एएफएम म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, दोन्ही अणू-रेणूंएवढे बारीक उंचसखलपण दाखवणारी यंत्रं.) ती इथेच इंदूरला एमएससी करते, प्रोजेक्ट बायोसेन्सरचा आहे, म्हणजे सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएच्या छोट्या साखळ्या थायॉलच्या (सोन्याला धरणाऱ्या गंधकाच्या) टोकाने चिकटवायच्या आणि जोडीदार साखळी येऊन बसली की करंट किती बदलतो ते बघायचं. प्रश्न अगदी बरोबर आहे, भलेभले इथे घसरलेत.

एसटीएम आधीचं. १९८१ मध्ये झुरिकजवळ आयबीएमच्या लॅबमध्ये बिनिग आणि रोहरर यांनी केलं, १९८६ ला नोबेल. सुई म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमची तार, कटरने तिरपी ओढून कापलेली, ती टेकतच नाही, नॅनोमीटरभर अंतरावरून जाते आणि मधून टनेलिंगचा करंट वाहतो, म्हणजे इलेक्ट्रॉन मधली रिकामी फट ओलांडून जातात. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं की करंट साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून तर सोन्याचे अणू एकेक मोजता येतात. पण यंत्राला कळतो तो फक्त करंट, उंची आपण त्यावरून काढतो. वीस जोड्यांची (शिडीच्या वीस पायऱ्या म्हणा) डीएनए साखळी उभी राहिली तर जवळपास ७ नॅनोमीटर, त्यातून करंट धड जात नाही, मग ठरलेला करंट मिळेपर्यंत सुई खाली खाली जाते, थरात घुसते, साखळ्या बाजूला ढकलते आणि फोटो मात्र झकास येतो! १९९१ मध्ये क्लेमर आणि बीब यांनी दाखवलं की नुसत्या ग्रॅफाइटच्या कडासुद्धा एसटीएममध्ये हुबेहूब डीएनएसारख्या दिसतात, वर डीएनएचा पत्ता नसताना. मला तर हे वाचून घामच फुटला होता.

एएफएम १९८६ चं, बिनिग, क्वेट आणि गर्बर. बारीक लवचिक पट्टीच्या टोकाला सुई, पट्टी वाकली की तिच्या पाठीवरून परतणारा लेझरचा ठिपका सरकतो, बस. वीज जाते की नाही याच्याशी घेणंदेणं नाही, आणि बफरमध्ये (डीएनए ठेवतात त्या खारट पाण्यात) बुडवूनही चालतं, सेन्सर जसा कामाला लागतो तसाच. खोट आहेच, ओल्या हिरवळीवर हात फिरवला तर गवत दबतं ना, तसं २ नॅनोमीटर जाडीचा आडवा डीएनए बरेचदा एकाच्या आसपास दिसतो, आणि सुईच्या टोकामुळे रुंद तर नक्कीच दिसतो.

म्हणून मी तिला सांगितलं, खालचं सोनं आणि थायॉलची मांडणी बघायची असेल तर एसटीएम, डीएनएचा थर बघायचा तर पाण्यातला एएफएम. बघायचं एवढ्यासाठी की सेन्सरचा करंट अख्ख्या इलेक्ट्रोडची सरासरी देतो, एकीकडे डीएनएची गर्दी आणि शेजारी मोकळं मैदान असलं तरी आकडा तोच येऊ शकतो, आणि त्या गर्दीत जोडीदार साखळीला शिरायला जागाच मिळत नाही.

नंतर तिने जोर वाढवून एएफएमच्या सुईनेच एक मायक्रॉनचा चौकोन खरवडला, मग जोर कमी करून मोठा भाग स्कॅन केला आणि रात्री अकराला मला फोटो पाठवला, मधोमध काळा चौकोन म्हणजे उघडं सोनं आणि दोन्ही कडांना खरवडून साठलेल्या डीएनएची पांढरी रेघ.