ओरखडा बुजत नाही, आजूबाजूचा रंग खाली येतो

दसऱ्याच्या आधी दिंडोरीला चुलत भावाकडे गेलो होतो, ट्रॅक्टर पूजेसाठी धुवायला काढलेला, द्राक्षबागेतल्या अँगल आणि तारांना घासून लाल बॉनेटवर पांढऱ्या रेघाच रेघा. पाणी मारलं की रेघा गायब, वाळलं की परत हजर. भाऊ म्हणाला, कंपाऊंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून बफर, म्हणजे फिरत्या पॅडचं पॉलिश मशीन, फिरवला की ओरखडे भरून निघतात. नाही हो, भरत काहीच नाही!

आधी रेघ पांढरी का दिसते ते बघू, कारण मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. गुळगुळीत रंगावरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला परततो, पण ओरखडा म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी बारीक चर, तिच्या तिरक्या भिंती तोच प्रकाश भलतीकडे फेकतात आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यात येतो. आता पाणी. हवेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचा आकडा) साधारण 1, पाण्याचा 1.33, रंगातल्या रेझिनचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचा, 1.5 च्या आसपास. दोन आकड्यांत फरक जेवढा कमी, तेवढा कमी प्रकाश परततो. सरळ पडलेला प्रकाश हवेतून रंगावर आदळला तर साधारण 4 टक्के परततो, पाण्यातून आदळला तर अर्धा टक्काही नाही, म्हणजे चर तिथेच असते, फक्त तिच्या भिंती चमकायच्या थांबतात. मेण किंवा तेलकट पॉलिश लावल्यावरही हेच होतं, म्हणून चार धुण्यात ओरखडे परत दिसायला लागतात. उन्हात बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ना, ते ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवतीच्या गोलाला समांतर जाणारे तेवढेच प्रकाश आपल्याकडे पाठवतात. डोकं हलवलं की वर्तुळंही सरकतात, करून बघा.

बफर मात्र खरंच ओरखडा काढतो, आजूबाजूचा रंग घासून चरीच्या तळापर्यंत आणून. कंपाऊंडमध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. बऱ्याच ट्रॅक्टरवर कारसारखा रंगावरचा वेगळा पारदर्शक थर, क्लिअरकोट, नसतो, म्हणून पॅड लाल झालं तर घाबरू नका, तो तुमचाच रंग आहे, पण तो मोजकाच आहे हेही लक्षात ठेवा. नखाला अडकणारी रेघ बफरने पूर्ण काढायच्या नादी लागू नये, आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसत असेल तर टचअपच, म्हणजे तेवढ्या जागी नवा रंग.

सात इंची पॅड 1500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 1500 फेरे, फिरलं तर त्याची कड ताशी 50 किलोमीटरने पळते. एका जागी धरलं की घर्षणाने रंग तापून मऊ होतो, आणि बॉनेटच्या धारेवर सगळा दाब एका रेषेत येतो, रंग तिथेच आधी उडतो.

नव्या ट्रॅक्टरला दृष्ट लागली म्हणून ओरखडे आले असं घरी कुणी म्हणालं, लिंबू-मिरची बांधलीच होती. अहो, कोरड्या फडक्याने धूळ पुसली म्हणून आले. धुळीत क्वार्ट्झ असतं, मोह्स कठीणता 7 (ओरखडण्याच्या या मोजपट्टीवर हिरा 10), काचेलाही ओरखडतं. आणि '9एच, हिऱ्यासारखं कठीण' म्हणून कोटिंग विकतात, तो आकडा पेन्सिलच्या शिशाच्या कसोटीचा आहे, हिऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आम्ही धारांना मास्किंग टेप लावली, आधी भरपूर पाण्याने धुतलं, कमी स्पीडवर फोमच्या पॅडने हात-दीड हाताचा एकेक भाग घेत गेलो, मध्येमध्ये हात लावून गरम झालंय का बघत. डाव्या बाजूची एक खोल रेघ तशीच ठेवली, तिच्या तळाशी राखाडी प्रायमर दिसत होता.