तुळजापूरच्या घाटात काटा का चढतो?

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरहून तुळजापूरला दर्शनाला निघालो होतो. गाडीत आई-बाबा, मुलं, आणि एसी फुल. जेमतेम 45 किलोमीटरचा रस्ता. घाट लागला आणि तापमानाचा काटा, जो कित्येक वर्षं मध्यावरून हलला नव्हता, तो लाल पट्टीकडे सरकायला लागला. दोन वळणं गेली नाहीत तोच बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली. आई म्हणाली, "काल तर चांगली चालत होती की रे!"

आईचं बरोबरच होतं. काल गाडी चालत होती. पण बिघाड काल होताच, परवाही होता, बहुधा दोन वर्षांपासून होता. तो दिसला फक्त त्या दुपारी. असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

ढोबळमानाने सांगायचं तर इंजिनात जळणाऱ्या इंधनाची एक तृतीयांशच्या आसपास ऊर्जा गाडी ओढायला कामी येते. बाकीची उष्णता होते. त्यातली काही सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली मोठी वाटणी कूलंटला, म्हणजे इंजिनात फिरून त्याला गार ठेवणाऱ्या द्रवाला, वाहून रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. रेडिएटर ती हवेत सोडतो. ती किती सोडेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या सकाळी बाहेर 20 अंश आणि कूलंट 90 अंश असेल, तर फरक 70 चा. मे महिन्यात सोलापुरात पारा 43 वर गेला की फरक उरतो 47 चा. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता फेकायची ताकद एक तृतीयांशाने कमी. त्यात भरलेली गाडी, चढ आणि एसी.

गाडी बनवणारे हे सगळं धरूनच रेडिएटरला जास्तीची ताकद देतात. ही राखीव ताकद हळूहळू खाल्ली जात असते, आणि हिवाळ्यात तिची गरजच पडत नसल्यामुळे काट्यावर काही दिसत नाही. ज्या दिवशी ऊन, घाट आणि एसी तिन्ही एकदम मागणी करतात, त्या दिवशी गाडी "अचानक" हीट मारते.

आमच्या गाडीची ताकद कुणी खाल्ली? मिस्त्रींनी थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा भाग, खोलून माझ्या तळहातावर ठेवला. नाण्यापेक्षा थोडी मोठी झडप, आणि तिच्यावर पिवळट पांढरा, खरखरीत थर. नखाने खरवडला तरी निघेना. "पाणी कुठलं घालता?" त्यांनी विचारलं. बोअरचं, मी म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली.

आपल्या घरात गीझरच्या कॉइलवर जो थर बसतो, तोच हा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि क्षार कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतात. तेही नेमके जिथे धातू सर्वांत तापलेला असतो, तिथेच. हा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहतो. थोडक्यात, इंजिनाला आपण आतून गोधडी पांघरतो.

पण पाणी सारखं घालावं का लागत होतं? त्याचं उत्तर रेडिएटरच्या झाकणात निघालं. हे झाकण आतला दाब धरून ठेवतं. हवेच्या दाबापेक्षा साधारण 1 बार जास्त दाब असला की साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट त्याहूनही वर. आमच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं. थोडी थोडी वाफ निसटत होती, क्षार मात्र आतच राहत होते, आणि मी वरून नवे क्षार ओतत होतो. एवढ्याशा रबराने एवढा घोळ केला.

नशीब, गाडी वेळेवर थांबवली. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, लोखंडी आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गाडी तशीच दामटली असती तर हेड वाकलं असतं, दोघांमधली पट्टी म्हणजे गॅस्केट उडालं असतं आणि झाकणाचा खर्च इंजिनाच्या कामावर गेला असता.

म्हणून कळकळीने सांगतो: काटा चढायला लागला की आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सुरू करा. उकडेल, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. वाफ दिसली तर लगेच इंजिन बंद. तापलेलं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटला की 100 अंशांच्या वरचं पाणी क्षणात उकळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

टायरचं गणितही असंच. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकून आतून तापतो, आणि हायवेवर फुटतो. हवा सकाळी, टायर गार असताना बघावी. थंडपणी 33 पीएसआय असलेली हवा धावून तापल्यावर 38 दाखवते. ती जास्त झाली समजून काढली की नेमकं उलटं होतं. बॅटरीचं मात्र वेगळं. तिला उन्हाळा आतून झिजवतो, पण ती बसते बहुतेकदा थंडीतल्या सकाळी, आणि दोष जातो थंडीला.

आता दर रविवारी सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, मी बॉनेट उघडतो. कूलंटच्या डब्यातली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघतो, कूलंटचा होज पाईप चिमटीत दाबतो. फार मऊ किंवा कडकडीत लागला तर बदलायचा. ऊस गाळपाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि पाचटाचा भुसा अडकतो, तो हलक्या पाण्याने धुतो. बोअरचं पाणी बंद; कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. कूलंट कधी बदललं ती तारीख बॉनेटच्या आत मार्करने लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली पुढची: मार्च, ऊन चढायच्या आधी.